शांताचा फोटो

फोटो धुण्याच्या औषधाचा वास आला की मला धामणगावचं आमचं अंगण दिसतं. एका भाकरीचे चार वाटे करणाऱ्या घरात फोटो कुठला? धाकटी शांता तापानं गेली, तेव्हा बाजाराचे फोटो काढायला आलेल्या माणसाला बानं हात जोडून घरी आणलं. “लेकीचं तोंड तेवढं राहू द्या आमच्यापाशी.”

शांताला आईच्या मांडीवर निजवलं.

“बाई, हलू नका.”

“मी कायले हालू, दादा? हालनारी तर गेली.”

भिंगावरचं झाकण काढून तो आकडे मोजू लागला आणि आईला हुंदका आला. अंगणातच कॅमेऱ्याच्या पेटीत त्यानं फोटो धुऊन दिला. फोटोत शांता लख्ख आहे, आईच्या चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग. हलली म्हणून मी आईवर वर्षभर धुसफुसलो. आता त्या डागाकडेच जास्त वेळ बघतो.

मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला. त्याआधीच आई गेली. तिचा दुसरा फोटो नाही.