वाकडा धुरा आणि जगाचा नकाशा

माणूस गेला की त्याचे कपडे, चष्मा, चपला यांचं काय करायचं ते पंधरा-वीस दिवसांत ठरतं. किस्स्यांचं काही ठरत नाही. ते परसातल्या पुदिन्यासारखे असतात. एक खुडावा, तर दुसऱ्या दिवशी तिथंच दोन फुटलेले!

सर म्हणजे माझे यजमान. हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे. अख्खं कामरगाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून लिहिताना मीही तेच म्हणते. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. मुलगा पुण्याला बोलावतो आहे. दर रविवारी फोनवर एकच प्रश्न, "आई, ठरलं का?"

ठरलेलं नाही. त्याला कारण आमच्या घरापुढचा ओटा, आणि त्या ओट्यावर येणारा पेपर.

पेपर आठच्या सुमारास यायचा. दिगांबर पहाटे आपल्या काळीपिवळी जीपमध्ये गावचा भाजीपाला भरून कारंज्याच्या मार्केटला न्यायचा, आणि परत येताना सवाऱ्यांबरोबर आमचा पेपर आणायचा. तोवर वामनभाऊ आणि सुखदेवभाऊ येऊन बसलेले असत. वामनभाऊंची वांगी-मेथी, सुखदेवभाऊंचा सांबार. म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे सांबारच म्हणतात. दोघांची वावरं एकमेकांना लागून. आणि मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं अकरा वर्षांपासून बोलणं बंद!

पण पेपर एकच, ओटाही एकच. म्हणून दोघं ओट्याच्या दोन टोकांना बसत, मधे सर.

सरांचा नियम एकच होता. जगात कुठंही भांडण पेटलं, तरी चूक कोणाची हे लगेच बोलायचं नाही. "आधी तीन पिढ्या मागं जा," ते म्हणायचे. "गावातलं भांडण कधी कालचं असतं का? मग जगातलं कसं असेल?"

\* \* \*

युक्रेनची लढाई सुरू झाली आणि सूर्यफुलाचं तेल कडाडलं. दिगांबर काळीपिवळीतून उतरला तोच तणतणत.

"सर, भांडून राह्यले ते तिकडं, अन् आमच्या कढईले चटका काहून?"

सर म्हणाले, "तीन पिढ्यांनी भागणार नाही, जरा जास्तच मागं जा. अमेरिकेत उत्तर-दक्षिण लढाई पेटली. तिकडचा कापूस इंग्रजांच्या गिरण्यांना मिळेना. मग ते कुठं आले?"

"कुठं?"

"इथं! वऱ्हाडात. आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तेव्हा तुझ्या खापरपणजोबानं कोणाला विचारलं का, की भांडण तिकडं आणि भाव इकडं काहून?"

वामनभाऊ म्हणाले, "पद्धत तं तीच चांगली होती सर. त्याईनं भांडावं अन् आपण कापूस विकावा. हे उलटं कोणं केलं?"

\* \* \*

सरांनी शाळेतून निवृत्त होताना एकच वस्तू मागून आणली होती, जगाचा जुना नकाशा. कडा फाटलेल्या, पण देश शाबूत. तो ओट्यावरच्या भिंतीला लावला होता.

एकदा पश्चिम आशियातली बातमी होती. सरांनी नकाशावर पट्टी ठेवून दाखवलं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज आणि फ्रेंच साहेबांनी बसून तिथल्या सीमा कशा आखल्या, कुठं कुठं अगदी पट्टीनं ओढल्यासारख्या सरळ.

सुखदेवभाऊ उठून नकाशाजवळ गेले. रेघेवरून बोट फिरवलं.

"एवढा सरळ धुरा?" ते म्हणाले. "सर, ह्या माणसानं वावर पाह्यलंच नाही!"

"म्हणजे?"

"खरा धुरा सरळ राह्यतच नाही ना. मधात झाड येते, दगड येते, नाला येते. त्याईले मान देत देत धुरा वाकडा जाते. तवा कुठं दोघाईचं जमते. सरळ धुरा फक्त कागदावर!"

सर माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकलंस? तीस वर्षं शिकवलं मी, पण असं एका वाक्यात नाही सांगता आलं."

तेवढ्यात दुसऱ्या टोकावरून वामनभाऊ भिंतीकडे बघत म्हणाले, "सर, त्याले सांगा. आमचा धुराही निंबापाशी वाकडाच होता. त्याच्या बापानं नांगर घालून सरळ केला!"

सुखदेवभाऊ नकाशाकडेच तोंड करून म्हणाले, "सर, त्याले सांगा. पह्यले नांगर कोणं घातला, ते आपल्या आज्याले विचार म्हणा."

"त्याले सांगा, आजा मेला."

"त्याले सांगा, माहा बापही मेला!"

सरांनी दोघांचं दोघांना सांगितलं. शब्दन्‌शब्द. अकरा वर्षं हेच चालू होतं. समोरासमोर बसायचं आणि सरांच्या तोंडून बोलायचं. मी एकदा विचारलं, "तुम्ही मिटवत का नाही?"

"मी मिटवायला गेलो तर उद्यापासून दोघंही येणार नाहीत," सर म्हणाले. "चालू आहे तोवर बोलणं तरी चालू आहे."

\* \* \*

इंग्लंड युरोपातून वेगळा निघाला, तेव्हा सर सांगायला लागले की मुळात तो त्या घरात उशिरा आला, आणि आला तोही एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवूनच.

सुखदेवभाऊंनी पूर्ण ऐकलंच नाही.

"समजलं सर. माहा लहाना पोरगा. चूल वेगळी केली, अन् विरजण रोज मायच्या घरून नेते!"

\* \* \*

संयुक्त राष्ट्रसंघात लढाई थांबवायचा ठराव आला आणि एका देशानं नाही म्हटलं, म्हणून पडला. दिगांबरला हे पटेना.

"बाकीचे हो म्हणून राह्यले, तं एकाचं कायले ऐकाचं?"

सरांनी सांगितलं, दुसरं महायुद्ध जिंकलेल्या गटातल्या पाच जणांनी तेव्हाच आपल्यासाठी हा हक्क ठेवून घेतला. त्या पाचांतला कोणीही एक नाही म्हणाला की ठराव मेला.

दिगांबरनं डोक्याला हात लावला. "म्हणजे लग्नातले पाच जावई! पंगत बसली, भात वाढला, वरण आलं, अन् एका जावायानं ताट सरकवलं, की सारं वऱ्हाड उपाशी!"

"बरोबर," सर म्हणाले. "आणि हे जावई मरतही नाहीत."

हे वाक्य पुढं गावात इतकं चाललं, की लग्नात कोणी रुसून बसला की बायका हळूच म्हणायच्या, "राष्ट्रसंघ झाला का?"

\* \* \*

एका पावसाळ्यात काळीपिवळी चिखलात अडकली. पेपर आला नाही. दोघं टोकांना अस्वस्थ बसलेले. शेवटी वामनभाऊ उठले, आपल्या भाजीच्या क्रेटमधून एक पेपर काढून आणला, झटकला आणि सरांना दिला.

सरांनी वाचायला सुरुवात केली. पश्चिम आशियात बोलणी फिसकटली. अमेरिका नाराज. कांद्याची निर्यात बंद. कुठल्याशा देशात सरकार पडलं. तासभर चर्चा रंगली. सर तीन पिढ्या मागं जाऊन आले. सुखदेवभाऊंनी कांद्यावरून सरकारला चार शब्द सुनावले. वामनभाऊंनी सरांमार्फत त्यांना अनुमोदन दिलं, हे तर फारच क्वचित व्हायचं!

मी चहा घेऊन आले. पेपरची मागची बाजू माझ्याकडे होती. तिथं मोबाइलची पानभर जाहिरात होती. बटणांचा मोबाइल.

"अहो," मी म्हटलं, "तारीख बघा जरा."

सरांनी बघितली. पेपर नऊ वर्षं जुना होता!

सरांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. खांदे हलत होते, म्हणून कळलं की हसताहेत.

मग सुखदेवभाऊ गंभीरपणे म्हणाले, "तरी मी म्हणतो, आजच्या बातम्याईले मेथीचा वास कायले येऊन राह्यला!"

\* \* \*

गेल्या हिवाळ्यात सर वाशीमला दवाखान्यात होते. तोंडावर ऑक्सिजन, बोलायची मनाई. एका दुपारी दारातून वामनभाऊ आत आले आणि त्यांच्या मागोमाग सुखदेवभाऊ. एक एसटीनं आलेले, एक मोटारसायकलवर. ठरवून येणं तर शक्यच नव्हतं.

दोघं पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहिले. सर मधे. बैठक अगदी रोजच्यासारखी, फक्त सरांना बोलता येत नव्हतं. त्यामुळे कोणालाच बोलता येईना.

खोलीत खुर्ची एकच होती, वामनभाऊंच्या बाजूला. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग वाकून सरांना म्हणाले, "सर, त्याले सांगा. खुर्चीवर बस म्हणा. गुडघे दुखते त्याचे."

सरांनी सुखदेवभाऊंकडे बघितलं. मग सलाइन लावलेला हात कष्टानं उचलला आणि एका बोटानं खुर्ची दाखवली.

सुखदेवभाऊ वळसा घालून आले आणि बसले.

ते सरांनी सांगितलेलं शेवटचं.

\* \* \*

तेरावं झालं. मुलगा म्हणाला, "आता इथं एकटी काय करशील?" मलाही पटलं. मी दिगांबरला निरोप दिला की पेपर बंद कर.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता ओट्यावर दोघं. नेहमीच्या दोन टोकांना. मी दार उघडलं.

"वहिनी, पेपर बंद केला म्हंते?" वामनभाऊ.

"वाचणारं कोण आहे आता, भाऊ?"

"ते खरं हाय. पण मंग आमचं कसं? मले याले काही म्हणाचं असन, तं कोणाले सांगू?"

सुखदेवभाऊ रस्त्याकडे बघत म्हणाले, "वहिनी, त्याले सांगा. माहंही तेच म्हणणं हाय."

मी उंबऱ्यातच बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, आणि ते आवरायला पदर लावावा लागला. तेवढ्यात काळीपिवळी आली. दिगांबर उतरला आणि पेपर माझ्या हातात दिला.

"तुला बंद करायला सांगितलं होतं ना?"

"विसरलो, वहिनी," तो म्हणाला.

मुलाला कळवलं, महिनाभर थांबते. त्या दोघांचं एकमेकांना सांगणारं कोणी मिळालं की येते.

\* \* \*

तेव्हापासून पेपर मी वाचते. सरांची पुस्तकं काढून ठेवते आणि आदल्या दिवशी तयारी करते. तीन पिढ्या मागं जाते, पण वाटेत धाप लागते.

समुद्रातल्या एका चिंचोळ्या वाटेवर तेलाची जहाजं अडवण्याची धमकी आली होती. मी सगळं नीट सांगितलं. कोणाचं राज्य होतं, तेल कोणी शोधलं, कोणी कोणाला गादीवर बसवलं. संपल्यावर दोघंही चहाच्या कपात बघत बसले.

"चुकलं का काही?" मी विचारलं.

"चुकलं नाही," सुखदेवभाऊ म्हणाले. "पण सर असते तं अशा ठिकाणी एखादं लग्न तरी निघालं असतं."

\* \* \*

महिन्याचे दहा महिने झाले. मधे एक दिवस चष्मा बदलायला कारंज्याला गेले होते. परतताना दिगांबरच्या शेजारच्या सीटवर बसले होते. दुपार होती. गाडी वामनभाऊंच्या वावराजवळ आली तशी मी सहज तिकडं बघितलं. नवा चष्मा, दूरचं अगदी स्वच्छ दिसत होतं.

धुऱ्यावर त्याच कडुनिंबाखाली खांद्यावरचा दुपट्टा अंथरलेला. त्यावर एक डबा. एका बाजूला वामनभाऊ, दुसऱ्या बाजूला सुखदेवभाऊ. सुखदेवभाऊ काहीतरी सांगत होते, हातवारे करून. वामनभाऊ इतके हसले की हातातली भाकर खाली ठेवावी लागली. मग त्यांनी सुखदेवभाऊंच्या पाठीवर जोरात थाप मारली आणि त्यांच्याच डब्यातली मिरची उचलली.

"दिगांबर," मी म्हटलं, "हे कधीपासून?"

दिगांबरनं समोरच्या रस्त्यावरून नजर काढली नाही.

"काय कधीपासून?"

"ते बघ ना. धुऱ्यावर."

"मले तं कोणी दिसून नाही राह्यलं," तो म्हणाला आणि गाडीचा वेग वाढवला.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता दोघं हजर. दोन टोकांना, एकमेकांकडे पाठ करून. मी चहा ठेवला, पेपर उघडला, नवा चष्मा लावला. पहिल्याच पानावर होतं, दोन देशांची बोलणी पुन्हा थांबली.

वामनभाऊ भिंतीवरच्या नकाशाकडे बघत म्हणाले, "वहिनी, त्याले सांगा. पाय सरकव म्हणा, पेपरवर सावली येऊन राह्यली."

सुखदेवभाऊंनी लगेच पाय सरकवला.

मग त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. त्यांनी पाय उचलून पुन्हा होता तिथं ठेवला, आणि माझ्याकडे बघत वाट पाहत राहिले.

मी म्हटलं, "सुखदेवभाऊ, पाय सरकवा म्हणताहेत."

मग त्यांनी सरकवला.