दसऱ्याची गोळी

दसरा आला की आजही माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. घरचे झेंडूची तोरणं बांधत असतात आणि मला पनवेलच्या कोठडीतला एक आरोपी आठवतो. गजांमागून त्याने मला विचारलं होतं, "साहेब, तुमच्या रायफली रिकाम्या हायत ना?"

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी तिथे उपनिरीक्षक होतो. नवरात्राचा बंदोबस्त चालू असताना सरकारी दवाखान्यातून लेखी खबर आली. एका माणसाचा उजवा पंजा फाटला होता. तो फटाका फुटला म्हणत होता, पण जखमेतून पितळेचा तुकडा निघाला होता. मी तुकडा हातात घेऊन पाहिला. फटाक्यात पितळ कुठून येणार? ती काडतुसाच्या पुंगळीची कड होती, आणि तीही मोठ्या बोअरच्या जुन्या रिव्हॉल्व्हरच्या.

इसम मूळचा मोऱ्याच्या कोळीवाड्यातला, पनवेलला एका लेथवर कामाला. सुकापूरला भाड्याच्या खोलीत एकटाच राहायचा. पंचांसमक्ष झडती घेतली. शिसं वितळवायची कढई, गोळी ओतायचा लोखंडी साचा, ओतलेल्या काही गोळ्या, डबाभर काळी दारू आणि एक फाटलेला पाइप मिळाला. वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसं तयार करायचा उद्योग होता. असल्या रिव्हॉल्व्हरचा कंपनीचा माल दुकानात मिळेनासा झाला होता, तेव्हा गिऱ्हाईक असणारच. परवाना नसताना हा सरळ गुन्हा. पण मला घोर लागला तो वेगळाच. काडतुसाच्या बुडाशी बसवायच्या टोप्यांची डबी रिकामी होती आणि भरलेलं काडतूस खोलीत एकही नव्हतं. म्हणजे माल बाहेर गेला होता.

कोणाकडे? मुंबईचे फरारी गुंड नेऱ्याकडच्या फार्महाउसात आसरा घेतात, असं तेव्हा बोललं जायचं. वरिष्ठांचे फोन सुरू झाले. ऐन सणात कुठे गोळी चालली तर जाब मलाच द्यावा लागणार होता. माझी झोप उडाली.

"शिसं कशाला आणलंस?" मी विचारलं.

"मोऱ्याचा हाय मी, साहेब. जाल्याला शिसं लागतंच."

"आणि हा साचा? मासे काय गोळ्या घालून मारतोस?"

आमचे जुने हवालदार म्हणाले, "दवाखान्यात जाऊन हात दाखवून अवलक्षण केलंस रे बाबा, आता तोंड तरी उघड." पण तो मूग गिळून बसला. सराईत गुन्हेगार भरपूर बोलतो. खोटं बोलेल, पण बोलेल. हा जेवणालाही शिवत नव्हता. जामीन कधी होईल, एवढंच परत परत विचारायचा. दंडाधिकाऱ्यांनी दसऱ्यानंतरपर्यंत पोलीस कोठडी दिली, तेव्हा तो मटकन खालीच बसला. मला वाटलं, मार खाण्याच्या भीतीने.

दसऱ्याच्या सकाळी रिवाजाप्रमाणे ठाण्यात शस्त्रपूजा मांडली. रायफली बाहेर काढून पुसल्या, सतरंजीवर ओळीने ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचे हार घातले. कोठडी समोरच होती. तो गज धरून उभा राहिला आणि त्याने तो प्रश्न विचारला.

माझ्या हातातली उदबत्ती तशीच राहिली. इतके दिवस मुका बसलेला माणूस आमच्या रायफलींची काळजी का करतोय? मी गजाजवळ गेलो. "आमच्या रिकाम्याच आहेत. भरलेलं कोणाचं आहे?"

तो ढसाढसा रडायला लागला. थोरली बहीण नेऱ्याला दिलेली. तिच्या नवऱ्याकडे वडिलांच्या वेळचं रिव्हॉल्व्हर होतं, परवान्याचं. दरसाल दसऱ्याला पूजा झाली की दुपारी शिवेवर जाऊन गावासमोर एक गोळी हवेत उडवायची, असा त्या घराचा मान. काडतुसं मिळेनात म्हणून गेल्या वर्षी यानेच ती भरून दिली. बार फुसका निघाला. लवंगी फुटली म्हणून गाव हसलं आणि भावजींनी वर्षभर बायकोला तिच्या भावावरून टोचलं.

"म्हणून औंदा खाणीतली सुरुंगाची दारू भरली, साहेब. आवाज मोठा व्हावा म्हणून. देऊन आलो, आणि मग एक पायपात उडवून बघितली." त्याने बँडेजचा हात वर केला. "परत आणायला जानार व्हतो. तुमी धरला."

"मग बोलला का नाहीस?"

"भावजींचं लायसन जाईल. बायला घरात जगू देनार नाय."

बाय म्हणजे त्याची बहीण. हवालदार माझ्या कानाशी लागले, "साहेब, पळायचा डाव असेल." असेलही. पण नेऱ्यात त्या घरी फोन नव्हता आणि सूर्य माथ्यावर येत होता. त्याचा चांगला हात हवालदारांच्या हाताला बेडीने अडकवला आणि जीप काढली. बाजारात झेंडूच्या ढिगांतून वाट मिळेना. ड्रायव्हरने हॉर्नवरचा हात काढला नाही. सुकापूर मागे पडलं तसा तो पुटपुटायला लागला, "बाय, थांब. बाय, थांब." मी मनात देवाचं नाव घेत होतो, हे कबूल करायला लाज कसली?

शिवेवर गाव जमलेलं होतं. जीपमधून उतरताच माझ्या तोंडचं पाणी पळालं. रिव्हॉल्व्हर त्याच्या भावजींच्या हातात नव्हतं. नव्या लुगड्यातल्या एका बाईने ते दोन्ही हातांनी वर धरलं होतं, आणि नवरा कौतुकाने सांगत होता, "भावानं केलेली गोली भनीनंच उडवायची! बघू दे गावाला!"

मी ओरडलो. नवरा छाती काढून पुढे आला. "लायसन हाय माजं, साहेब!" बाई गोंधळली, पण नळी वरच होती आणि बोट घोड्यावर. तेवढ्यात माझ्या मागून आरोपीने हंबरडा फोडला, "बाय, माजा हात बघ!"

तिने बघितलं. रक्ताने डागाळलेलं ते बँडेज दिसताच ती पोलीस, नवरा, गाव सगळं विसरली. रिव्हॉल्व्हर पूजेच्या ताटात ठेवून ती भावाकडे धावली. "काय झालं रं तुला?" मी झडप घालून काडतुसं बाहेर काढली.

प्रयोगशाळेने नंतर कळवलं की पहिल्याच बाराला काडतुसं बसवायची चक्री हातातच फुटली असती. परवाना रद्द झाला, मेव्हणा-भावजी दोघांवर खटला चालला. नवऱ्याने मात्र बायकोला त्यावरून कधी बोल लावला नाही. ते रिव्हॉल्व्हर त्यानेच तिच्या हातात दिलं होतं.

त्यानंतर कोणी आरोपी मुका बसला की मी त्याला "काय केलंस" असं आधी विचारलं नाही. "कोणासाठी घाबरतोस" असं विचारलं. पुष्कळांनी तोंड उघडलं. ज्याला वाचवायचं त्याच्याच गळ्याशी आपलं गप्प बसणं येतं, हे माणसाला एकट्याला उमगत नाही.

त्या दिवशी शिवेवरून आम्ही निघालो तेव्हा ती आपट्याची पानं घेऊन जीपपाशी आली. एक हात बेडीत, म्हणून तिने पान भावाच्या बँडेजच्या हातावर ठेवलं. त्याची बोटं मिटेनात. "सोनं घे," म्हणत तिने एकेक बोट आपल्या हाताने मिटवलं, आणि जीप सुरू झाली तरी तो हात सोडला नाही. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं.