न विचारता उठणारा हात

आपलं शरीर आपल्याला न विचारता कितीतरी कामं परस्पर उरकतं, या गोष्टीचा माझ्या साडूंइतका आनंद झालेला माणूस म्हैसुरातच काय, कुठेही सापडायचा नाही. तुम्हाआम्हाला शिंक येते, आपण नाक पुसतो आणि कामाला लागतो. साडूंना शिंक आली की ते आपल्या कापडदुकानाच्या पायरीवर थबकतात, डोळे मिटून तिचा मान राखतात आणि मग गिऱ्हाइकाला म्हणतात, "नोडी, बघा, मी बोलावली नव्हती. आपली आपण आली!" सावलीतून एकदम उन्हात गेलं की त्यांना हटकून शिंक येते, म्हणून दुपारी ते मुद्दाम रस्त्यावर एक चक्कर मारून येतात.

त्यांचं घराणं रंगाऱ्यांचं, पिढ्यानपिढ्या इथलंच. घरात मराठी, पण तिच्यात कानडी सढळ हाताने मिसळलेली. मी इथल्या हेब्बाळ भागातल्या एका कारखान्यात हिशेबनीस म्हणून आलो आणि त्यांच्या मेव्हणीशी लग्न करून त्यांचा साडू झालो. लहानपणी रंगाच्या उकळत्या कढईत त्यांची बोटं बुडाली होती. "हात आधी बाहेर आला, चटका मागनं कळला," हे ते अजूनही काल घडल्यासारखं सांगतात. पुढे एका डॉक्टरांनी त्यांना समजावलं की चटक्याची वर्दी मेंदूला उमजण्याआधीच पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून हात मागे घ्यायचा हुकूम सुटतो. मेंदूला नंतर कळतं. झालं! त्या दिवसापासून साडू मेंदूला कमी आणि कण्याला जास्त मानू लागले. मी हिशेबाचा माणूस. मंजुरीआधी खर्च करणारं हे खातं मला काही पटेना. तेव्हा त्यांनी विचारलं, "तुमच्या हापिसात आग लागली तर साहेबाची सही होईतो बसून राहाल काय हो?"

त्यांच्या घरी पाहुणा पायावर पाय टाकून बसला की त्याची धडगत नसे. बोलता बोलता साडू तळहाताच्या कडेने त्याच्या गुडघ्याच्या वाटीखाली हलकेच टोला देत आणि पाय उडाला की देव दिसल्यासारखा चेहरा करत. त्यांच्या मुलीला पाहायला आलेल्या मुलाचा पाय तर असा उडाला की केशरीभाताची बशी थेट त्याच्या वडिलांच्या मांडीवर! साडू मात्र म्हणाले, "साकु, पुरे, आणखी काही विचारायला नको. मुलगा आतून ठणठणीत आहे!" त्यांच्या पत्नी, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणी, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अय्यो, ह्यांच्या डोक्यावर एक टोला द्या रे कुणीतरी! तिथं काही हलतंय का बघू!" लग्न जमलं. त्यात त्या पायाचा वाटा किती, हे मला सांगता यायचं नाही.

गेल्या वर्षी अक्कांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, डावा हात गेला. व्यायाम शिकवणारी बाई रोज येऊन "हात उचला, अक्का" म्हणायची. अक्का कपाळावर घाम येईपर्यंत त्या हाताकडे बघत राहायच्या, आणि तो उशीवर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडून असायचा. शरीराच्या परस्पर कारभाराचं जन्मभर कौतुक केलेल्या माणसाला आता एकच काम सांगून व्हायला हवं होतं.

मग एका दुपारी अक्कांनी जांभई दिली आणि तो हात आपोआप छातीपर्यंत उठला. जांभई संपली, हात खाली. साडूंनी लगेच मला फोन करून कळवलं. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं, की अर्धांगात असं कधीकधी दिसतं. जांभईची वाट मेंदूच्या खालच्या, जुन्या भागातून येते. इच्छेची वाट वेगळी, आणि ती तुटली आहे. याला सुधारणा समजू नका. साडूंनी मान डोलावली, आणि घरी येऊन अक्कांना जांभया आणण्याच्या मागे लागले. त्यांच्यासमोर बसून खोट्या जांभया देता देता स्वतःचा जबडा धरून बसले. शेवटी मला म्हणाले, "साडूराव, तुम्हीच या. ते आयकराचं बोला."

"माझ्या बोलण्यानं जांभई येते?"

"तुमच्यासारखं कुणाला जमतंय हो! मुलीच्या लग्नात अख्खी पंगत पेंगवलीत तुम्ही."

मी गेलो. जुन्या करपद्धतीत आणि नव्या करपद्धतीत काय फरक आहे, ते सावकाश सांगायला लागलो. अक्का म्हणाल्या, "भावजी, आजारी माणसाला असं छळतात काय?" पण मी वजावटींपर्यंत पोहोचलो आणि त्यांना जांभई आलीच. हात उठला. तोवर मी नुसतं ऐकलं होतं. आता पाहिलं आणि माझं वाक्य अर्ध्यात राहिलं. रोज विनवूनही न हललेला तो हात, काही झालंच नाही अशा सहजपणे वर आला, बोटं जराशी उलगडली आणि क्षणभर तिथेच थांबला.

साडूंनी आपला तळहात त्याच्याखाली धरला. जांभई ओसरली तेव्हा अक्कांचा हात त्यावर उतरला.

"मी नाही हो ठेवला," अक्का म्हणाल्या.

"गोत्तु. ठाऊक आहे," साडू म्हणाले. तळहात मात्र काढला नाही. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "थांबलात कशाला? चालू द्या."

मी आवाज होईल तेवढा सपाट केला आणि भांडवली नफ्याकडे वळलो.