आपल्याकडे अशी प्रथा नाही

आमच्या मंडळाची एक चोवीस पानी पुस्तिका आहे. तिच्या अकराव्या पानावर छापलंय की महाराष्ट्रातल्या घरांत तिन्हीसांजेला दिवा लावताना शेजारी एक कोरडी वात ठेवतात. ती दुरावलेल्या माणसासाठी असते, आणि तो माणूस स्वतःहून परत येईपर्यंत त्याला बोलावायचं नसतं.

हे खोटं आहे. आपल्याकडे अशी प्रथा नाही. ती मी सांगितली. पुस्तिका वाचणाऱ्या इंग्रज-आयरिश मंडळींना ते तपासता येणार नव्हतं, आणि ज्यांना तपासता आलं असतं त्यांच्याच नावावर मी ते खपवलं. म्हणून हे मराठीत लिहितो आहे.

मंडळ ब्रिजिडचं आहे. आयर्लंडची ही देवी, आणि त्याच नावाची एक संतही. देवी आधीची; कविता, वैद्यकी आणि लोहारकाम ही तिची खाती. संत नंतरची, किल्डेअर गावी मठ उभारलेली. दोघी एकच की वेगळ्या, यावर अभ्यासकांचं एकमत नाही आणि आमच्या मंडळाचं तर नाहीच. निम्मे सभासद कॅथलिक, ते तिला संत म्हणतात. निम्मे चर्चची पायरी न चढणारे, ते देवी म्हणतात. भांडतात, मग एकाच किटलीतला चहा पितात. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या गावच्या देवीलाही वरच्या आळीत एक नाव होतं आणि खालच्या आळीत दुसरं, मांडव एकच.

जुन्या काळी किल्डेअरच्या मठात एकोणीस जणी पाळीपाळीनं अग्नी राखत, आणि विसाव्या दिवशी तो कुणीच राखत नसे. त्या दिवशी ब्रिजिड स्वतः राखते अशी श्रद्धा. मधल्या काळात तो अग्नी विझला. आपल्या हयातीत तो तिथे पुन्हा पेटवला गेला, आणि आता ठिकठिकाणी एकोणीस-एकोणीस जणांचे गट आपापल्या घरी पाळीनं दिवा राखतात. लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या आमच्या गटात सातवी पाळी माझी.

मी तिथे पोचलो तो बायकोच्या मैत्रिणीमुळे. बायको हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला होती. तिथल्या एका आयरिश नर्सशी तिची गट्टी जमली ती शेवटपर्यंत टिकली. या नर्सबाई आता रिटायर झाल्यात, माझ्याच वयाच्या, कॅथलिक, आणि जिभेला हाड नाही. बायको गेल्यानंतर वर्षभरानं त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. बोलल्या अर्थात इंग्रजीत, पण मला त्या आठवतात त्या अशाच:

"सातवी पाळी रिकामी झालीय. तुमच्याकडे दिवा आहे, तेल आहे आणि करायला काही नाही."

"मी हिंदू आहे हो."

"ब्रिजिडनं अजून कुणाचा फॉर्म तपासलेला नाही."

मी गेलो. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा बैठक असे. दोन वर्षं मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होतो. मग विद्यापीठातली एक तरुण संशोधक यायला लागली. आजच्या काळात लोक ब्रिजिडची भक्ती कशी करतात, यावर तिचा प्रबंध चालला होता. एका बैठकीत तिनं टेबलावर रेकॉर्डर ठेवला आणि मला विचारलं, "तुमच्या परंपरेत दिव्याचं असं काही आहे का?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मी अडतीस वर्षं ट्रेडिंग इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅक्टरीत क्वालिटी इन्स्पेक्टर होतो. माप केसभर चुकलं तरी सर्टिफिकेटवर सही करत नसे. त्यावरून मॅनेजरशी वाजलंही आहे. पण त्या अडतीस वर्षांत मला कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. करी कशी करतात एवढंच विचारत. आता वीस माणसं चहाचे कप खाली ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होती. "संध्याकाळी दिवा लावतो, नमस्कार करतो," एवढं खरं उत्तर होतं. ते मी दिलंही. ते फार लहान वाटलं. मग मला बायकोच्या निरांजनाशेजारची कोरडी वात आठवली. ती रोज तिथे असे. ती का असते हे मी कधी विचारलं नव्हतं.

"आणि शेजारी एक वात न लावता ठेवतो," मी म्हणालो. "जो घरापासून दुरावलाय त्याच्यासाठी."

"त्याला बोलावणं पाठवतात?" संशोधकेनं विचारलं.

"छे. बोलावायचं नाही. बोलावलं तर पुण्य जातं. त्यानं आपणहून यायचं."

"किती जुनी प्रथा असेल?"

"फार जुनी," मी म्हणालो. "आमच्याकडे सगळंच फार जुनं असतं."

लोक हसले, आणि मला बरं वाटलं. ते बरं वाटणंही इथे नोंदवून ठेवतो.

पुढच्या फेब्रुवारीत पुस्तिका निघाली. एक फेब्रुवारी हा ब्रिजिडचा दिवस, आयरिश लोकांच्या वसंताची सुरुवात, तेव्हा ती दरवर्षी निघते. अकराव्या पानावर माझी प्रथा होती. तीन-चार जणांनी ती सुरू केल्याचं सांगितलं. मी मान डोलावली. जाऊ दे, कुणाचं काय बिघडतंय, असं स्वतःला सांगितलं.

बिघडत होतं. एका दुपारी मी नर्सबाईंकडे रबर्ब नावाच्या आंबट देठांचा जॅम घ्यायला गेलो होतो. त्यांच्या खिडकीत ब्रिजिडचा दिवा होता, आणि बशीत कापसाची एक कोरडी वात. वात नीट वळलेली नव्हती, नुसता कापसाचा पिळा होता. पण बशी घासून लख्ख केली होती.

"ही लेकीसाठी," त्या म्हणाल्या.

त्यांची मुलगी लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनला असते एवढंच मला माहीत होतं. बाकीचं त्या दिवशी कळलं. चार वर्षांपूर्वी मुलीला मुलगी झाली. जावई धर्म न मानणारा; बाळाचा बाप्तिस्मा करायचा नाही असं दोघांनी ठरवलं. बाई तिथे म्हणाल्या होत्या, बाप्तिस्मा न झालेलं मूल मी मांडीवर घेणार नाही. मुलीनं बाळ उचललं आणि आईला दार दाखवलं. तेव्हापासून बोलणं नाही.

"मूर्खपणा माझाच होता," बाई म्हणाल्या. "हल्ली मी देवीवाल्यांबरोबर पेस्ट्री खाते आणि माझं काही वाकडं होत नाही. नातीच्या गेल्या वाढदिवसाला फोन हातात घेतला होता. नंबर लावला. मग तुमचा नियम आठवला. पुण्य जातं म्हणालात ना? ठेवून दिला."

मी जॅमची बरणी धरून उभा होतो. त्याच वेळी सांगायला हवं होतं. "हं," म्हणालो आणि घरी आलो.

तीन महिने असेच घालवले. तिकडे एक आजी फोन हातात घेऊन खाली ठेवत होती, आणि तिचा हात धरून ठेवणारा नियम मी चहाच्या दोन घोटांमध्ये तयार केला होता. कबूल करायचं तर मला किमान खरं काय ते ठाऊक हवं होतं. म्हणून एडिनबराला माझ्या मुलीला फोन केला. ती इथेच जन्मली, मराठी बोलते पण तिची तिची.

"आई निरांजनाजवळ एक वात कोरडी ठेवायची. कशासाठी गं?"

"ती एक्स्ट्रा होता, बाबा. किचनची खिडकी नीट बंद नाही व्हायचा ना? ड्राफ्ट यायचा. दिवा विझला की दुसरी रेडी. आईचे बोटं दुखायचे, मग ती मॉर्निंगलाच दोन करून ठेवायची."

"खिडकी बंद होत नव्हती?"

"बाबा! फिफ्टीन इयर्स! आई तुम्हाला सांगून सांगून थकली. तुम्ही म्हणायचे, वीकेंडला बघतो."

एवढंच होतं. फॅक्टरीत मी अर्ध्या मिलिमीटरची फट शोधून माल परत पाठवत होतो. घरातल्या फटीतून येणारा वारा रोज संध्याकाळी दिवा विझवत होता आणि दुखऱ्या बोटांनी ती दुसरी वात पुढे सरकवत होती. त्यावर मी वीस माणसांसमोर तत्त्वज्ञान सांगितलं. त्या फोननंतर मला नर्सबाईंना तोंड दाखवण्याची जास्त लाज वाटायला हवी होती, पण झालं उलटंच. मला सांगायची घाई झाली.

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी दुपारी हॉलमध्ये सगळे क्रॉस विणायला जमले. ब्रिजिडचा क्रॉस लव्हाळ्याच्या काड्यांचा असतो. एक काडी दुसरीवर दुमडत चार हातांचा विणतात आणि दाराच्या वर लावतात. ओल्या लव्हाळ्याचा वास सुटला होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "अकरावं पान खोटं आहे." आणि सगळं सांगितलं. खिडकीसुद्धा सांगितली.

कुणीतरी खोकलं. संशोधक लाल झाली.

"मी हे दोन परिषदांत वाचून दाखवलंय," ती म्हणाली.

"माफ करा."

"एकानं तर त्यावर मला चार प्रश्न विचारले." मग तिनं हातातल्या काड्या खाली ठेवल्या. "थांबा. पुन्हा सांगा." तिनं रेकॉर्डर काढला. "जुनं म्हणून सांगतात त्यातल्या किती गोष्टी खरंच जुन्या आहेत, हे आम्हाला बहुतेक वेळा कळतच नाही. हिचं तरी कळलं. ही प्रथा या हॉलमध्ये जन्मली, आणि कशी ते जन्म देणाराच सांगतोय. प्रकरण पुन्हा लिहावं लागेल, पण ते आधीपेक्षा बरं होईल." तिचा राग गेला नव्हता, पण तिनं मला तीन वेळा सगळं विचारून घेतलं, आणि मी तिन्ही वेळा तेच सांगू शकलो.

नर्सबाईंनी मात्र हातातला क्रॉस पुरा केला, टोकं बांधली, जादा काड्या कात्रीनं कापल्या. मग कोट घातला.

"तुमची बायको मला म्हणायची," दारात त्या म्हणाल्या, "की हा माणूस कधी खोटं बोलत नाही. हीच त्याची एक अडचण आहे म्हणायची. बिचारी."

मी त्यांच्या मागे बाहेर गेलो. "त्या फोनचं..."

"माझ्या मागे येऊ नका." दोन पावलं जाऊन त्या थांबल्या. "आणि सगळं श्रेय तुम्ही घेऊ नका. मला असा कुठला तरी नियम हवाच होता. तुम्ही दिलात."

पुढचे तीन आठवडे त्यांचा पत्ता नव्हता. त्यांची पाळी अकरावी. ती मी त्यांना न सांगता राखली, सातवीही राखली. त्या आता मंडळात येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. एका सकाळी फोन वाजला.

"शनिवारी काय करताय?"

"काही नाही."

"ते माहीतच होतं. क्रॉयडनला जायचंय. तिनं एक तास दिलाय. चर्चचं नाव काढायचं नाही, मिठाई आणायची नाही, रडायचं नाही. तुम्ही स्टेशनपर्यंत यायचं. ही शिक्षा आहे."

"तुम्ही फोन केलात?"

"नाही, कबुतर पाठवलं."

शनिवारी आम्ही निघालो. फॅरिंग्डनला गाडी बदलली. बाई खिडकीशी बसून मुलीला काय बोलायचं त्याचा सराव करत होत्या आणि मला त्यांची मुलगी व्हायला लावत होत्या.

"आई, तू आलीस?" मी म्हणालो.

"इतक्या प्रेमानं नाही हो. जरा तुसडं."

"आलीस का?"

"हं. आता बरोबर." त्यांनी पर्स उघडली आणि पुन्हा बंद केली. मग म्हणाल्या, "नात चार वर्षांची झाली. मी कोण हे तिला ठाऊकसुद्धा नसेल."

"तुम्हीच सांगा तिला."

"खरं तेच सांगेन," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे तिरपं बघितलं. ते मला लागलंच. हसूही आलं.

ईस्ट क्रॉयडनला ट्रामच्या थांब्यावर मी त्यांना सोडलं. ट्राममध्ये चढताना त्यांनी माझ्या हातावर चापट मारली, वॉर्डात पेशंटला मारत असाव्यात तशी. मी समोरच्या कॅफेत बसलो. वीस मिनिटांनी वाटलं, आता पोचल्या असतील. तासाभरानं वाटलं, निघाल्या असतील. प्रत्येक ट्राममधून उतरणारी माणसं मी बघत होतो. निळा कोट दिसला की उठत होतो आणि पुन्हा बसत होतो. दीड तास झाला. दार पुन्हा दाखवलं गेलं असेल आणि बाई कुठल्या तरी बाकावर एकट्या बसल्या असतील, असं वाटायला लागलं, तेव्हा मेसेज आला.

"थांबू नका. जेवायला ठेवून घेतलंय. नात मांडीवर बसून माझा चष्मा तोडतेय."

मी तो दोनदा वाचला, चहाचे पैसे दिले आणि एकटा परत निघालो.