बिनपट्ट्याचा सात

गुन्नेलने लोंगस्काता बेटावर एकतीस वर्षं टपाल वाटलं. पाकिटावरचं अक्षर बघून कुणाचं पत्र ते ती लांबूनच सांगायची. निवृत्त झाली तशी ग्रामसभेने तिला मतमोजणीच्या मंडळावर बसवलं. अहो, अक्षर ओळखणाऱ्या बाईला मतं मोजायला बसवायचं, ही अक्कल आमच्याच बेटाची!

कारण आमच्या ओलांड द्वीपसमूहात मतपत्रिकेवर नावं नसतातच. उमेदवाराचा क्रमांक आपल्या हाताने पेन्सिलीने लिहायचा. आमच्याकडे 1 या आकड्याला लांब नाक काढतात, त्यामुळे 1 आणि 7 सख्खे भाऊ दिसतात. म्हणून शाळेत बाई दरडावायच्या, "साताला पट्टा बांधा, नाहीतर त्याची चड्डी सुटेल!" बेटावरचा प्रत्येक सात कंबरेला आडवी रेघ मारूनच उभा राहतो.

त्या ऑक्टोबरातल्या रविवारी प्रादेशिक संसदेच्या निवडणुकीची मोजणी चालू होती आणि रेडिओ बोलत होता. पक्षाच्या यादीतल्या सगळ्यांची मतं एकत्र मोजून त्या प्रमाणात पक्षाला जागा मिळते, आणि जागेवर बसतो तो यादीत सर्वांत जास्त मतं घेणारा. त्यामुळे खरं वैर घरातच. आमची सूलवेग, क्रमांक सत्तेचाळीस, आणि शहरातला क्रिस्टर, क्रमांक एक्केचाळीस, एकाच यादीत. जागा एकच मिळणार होती. क्रिस्टर उघड म्हणायचा, छोट्या बेटांची हिवाळी बोट परवडत नाही. आणि गुन्नेलचा नवरा तुरे चार वर्षं आठवड्यातून तीनदा त्याच बोटीने शहरात डायलिसिसला जायचा.

आमचं बेट सोडून बाकीची मोजणी संपली होती. क्रिस्टरला दोनशे अकरा, सूलवेगला एकशे सत्तावन्न. बेटावर सूलवेगच्या गठ्ठ्यात चोपन्न झाली, बाकीची दुसऱ्या पक्षांना गेली. दोघं बरोबरीत, आणि टेबलावर शेवटची एक चिठ्ठी.

"सत्तेचाळीस!" मंडळाचा अध्यक्ष हेलमेर टाळी वाजवून म्हणाला. "जिंकलो बाई!"

गुन्नेलने चिठ्ठी उचलून दिव्याखाली धरली. आकड्याला पट्टा नव्हता. आणि ते लांब, खाली झुकलेलं नाक ती चाळीस वर्षं सामानाच्या यादीत बघत आली होती. 'लोणी एक, पाव एक.' तुरेचा एक.

मेल्या, हे काय केलंस? आपल्याच पायावर धोंडा?

"काय गं? बघतेस काय? ठेव गठ्ठ्यात," हेलमेर म्हणाला.

गप्प राहिली असती तर बोट वाचली असती. कुणाला कळणार होतं?

"हा सात नाही," ती म्हणाली. "एक आहे. एक्केचाळीस."

"घाईत पट्टा राहिला असेल!"

"चोपन्न जणांचा राहिला नाही तो? शेजारी ठेवून बघ."

हेलमेरने चिठ्ठ्या शेजारी मांडल्या. बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मंडळातल्या बाकीच्या दोघांनीही वाकून बघितलं आणि मान डोलावली. "गुन्नेल, तुझाच नवरा बोटीने जातो. डोकं ठिकाणावर आहे ना?" हेलमेर म्हणाला.

"आहे म्हणूनच सांगते. लिही."

क्रिस्टर एका मताने निवडून आला. हेलमेर कोट घालून, दार आपटून निघून गेला.

घरी तुरे स्वयंपाकघरात जागाच होता. समोर काळा पाव, लोणी न लावता तसाच.

"तुझ्या एकाचं नाक अजून तेवढंच लांब आहे," ती म्हणाली.

त्याने पाव बाजूला सारला. "कळलं होय तुला."

"का रे? का असं केलंस?"

"पहाटे पाचला त्या थंडीत बोट धरायची. नाही झेपत गं मला आता. शहरात राहायचंय, हॉस्पिटलजवळ. बोट आहे तोवर तू हे घर सोडणार नाहीस."

"चार वर्षं मनात ठेवलंस! एकदा तोंडाने विचारायचं होतंस की मला."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

गुन्नेलला राग आला, रडूही आलं. ती खरंच नाही म्हणाली असती.