सासूबाईंनी घासलेला गंज

ओमेश्वरी रहांगडालेला पुढे जिल्हाभर ‘उन्हातल्या भाताच्या मॅडम’ म्हणून ओळखू लागले. त्यात निम्मा वाटा तिच्या सासूबाईंचा, आणि तोही चुकून पडलेला.

दवनीवाड्याच्या शाळेत ती सहावी ते आठवीला विज्ञान शिकवायची. २००९च्या फेब्रुवारीत कामठ्याच्या शाळेत विज्ञान शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण लागलं, ऊर्जा आणि पर्यावरण या विषयाचं. त्यात ती पहिल्यांदाच शिकवणाऱ्यांच्या बाजूला उभी राहिली. समोर चाळीस शिक्षक. दोन दिवस तक्ते वाचण्यात गेले. कोळसा अजून किती वर्षं पुरेल हे ऐकता ऐकता मागची रांग पेंगत होती. जागे होते ते पहिल्या रांगेतले खेमराज गुरुजी. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, मिशा भरघोस, आणि गाव ओमेश्वरीच्या सासरचंच.

“मॅडम, आमच्याकडे लाईनच आठ-आठ तास नसते,” ते म्हणाले. “आम्ही वाचवावं तरी काय?”

सगळे हसले. ओमेश्वरीही हसली, कारण तिच्या घरीही तेच होतं. आणि हसता हसता बोलून गेली की उद्या तुम्हाला उन्हात शिजवलेला भात वाढते.

तिसऱ्या दिवशी विस्तार अधिकारी येणार होते. भात शिजला तर तिचं नाव जिल्ह्याच्या प्रशिक्षक गटात जाणार होतं. नाही शिजला तर खेमराज गुरुजी ती गोष्ट गावात घरोघर वाढणार होते, भातापेक्षा गरम.

सूर्यचुलीची पेटी घरी तयार होती. पुठ्ठ्याची दोन खोकी एकात एक, मधे धानाचं तूस ठासलेलं, वर काच, काचेमागे आरसा. जर्मनच्या गंजाला, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला, ऊन शोषावं म्हणून तिने बाहेरून फळ्याचा काळा रंग दिला, झाकणालाही दिला, आणि अंगणात वाळत ठेवला. सकाळी निघायच्या घाईत सासूबाईंनी, सुलोचनाबाईंनी, तो जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून तिच्या हातात दिला. चेहऱ्यावर मोठं काम उरकल्याचं समाधान होतं. ओमेश्वरीने ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायला वेळ नव्हता.

कामठ्याला साडेदहाला फडकं सोडलं, तर आत आरसाच. खेमराज गुरुजींना आपल्या मिशा दिसाव्यात इतका लख्ख गंज. ओमेश्वरीने व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला.

“आई, गंज घासला का?”

“मंग? काळं भांडं घेऊन चाळीस मास्तराईसमोर जाऊन राहिली होतीस. लोकं काय म्हणतीन, यायच्या घरी राख नाही का? तुसाच्या राखेनं दोन तास घासला.”

त्या आवाजात इतका अभिमान होता की ओमेश्वरी ‘बरं’ म्हणाली आणि फोन ठेवला.

ती तशीच शाळेच्या स्वयंपाकघरात गेली. पोषण आहार शिजवणाऱ्या तुलसाबाईंचा चहाचा छोटा गंज चुलीवर राहून राहून बुडापासून काठापर्यंत काळा झालेला होता. तो मागून घेतला. झाकण तेवढं उजळ होतं, म्हणून खिचडीच्या पातेल्याची काजळी तेलात कालवून ती झाकणाला फासू लागली.

“लोकं काळं काढून राहिले, न् तुम्ही लावून राहिल्या,” तुलसाबाई म्हणाल्या.

आता घरचा गंज पिशवीत परत टाकला असता तर कोणाला काही कळलं नसतं. ओमेश्वरीने तो फडक्यात गुंडाळलाही. मग पुन्हा सोडला, तांदळाचे दोन सारखे भाग केले, पाणी सारखं घातलं आणि दोन्ही गंज शेजारी शेजारी पेटीत ठेवले. पाऊण-पाऊण तासाने आरसा उन्हाकडे वळवत राहिली. मागच्या रांगेतले दोघे-तिघे, चहाला म्हणून उठलेले, पेटीपाशीच रेंगाळले.

दोन वाजता, अधिकारी आल्यावर काच उघडली. काळ्या गंजातून वाफ आली, आणि भात मऊ, मोकळा. लख्ख गंजातला भात दाताखाली कचकच वाजला. खेमराज गुरुजींनी दोन्हींचा घास घेतला, मग गंजाकडे पाहिलं.

“हा एवढा कोणी घासला?”

“आमच्या सासूबाईंनी,” ओमेश्वरी म्हणाली. “चूक माझी. दोन दिवस तुम्हाला कोळसा सांगत बसले, आणि गंज काळा का केला ते घरी सांगितलं नाही.”

गुरुजींनी मान हलवली आणि काळ्या गंजातला भात आणखी मागून घेतला. अधिकाऱ्यांनी तिचं नाव लिहून घेतलं.

घरी गेल्यावर तिने सासूबाईंना सगळं सांगितलं.

“मंग हे आधी काऊन नाही सांगितलं?”

पण पुढच्या प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच दोन गंज काढले. एकच नेला तर मास्तरांना समजणार कसं, असं त्यांचं म्हणणं. पुढची सहा वर्षं एक गंज त्यांनी राखेने घासून दिला आणि दुसरा रंगवूनही त्यांनीच दिला. ओमेश्वरीचा रंगाचा हात त्यांना पसंत नव्हता. काळा असला म्हणून काय झालं, ओघळ दिसले तर नाव घराचंच जातं.