मोडीबाईंचा कोरा रकाना

मोडीबाई पहिल्यांदा माझ्या टायपिंगच्या दुकानात आल्या, भिंगाची डबी टेबलावर ठेवली आणि पहिला प्रश्न विचारला तो कामाचा नव्हताच. "घरच्यांचं नाव काय?" अनुराधा, मी सांगितलं. "ते तुम्ही ठेवलेलं. आधीचं?" लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. ताटातल्या तांदळावर अंगठीनं ते नवं नाव मीच लिहिलं होतं आणि आपल्या आवडीवर खूशही होतो. आधीचं आठवायला मला जरा वेळ लागला. शेवंता, मी म्हणालो. बाईंनी माझ्याकडे काठावर पास झालेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं आणि पिशवीतून वह्या काढल्या.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. धाराशिवात मोडी वाचणारी माणसं आता थोडी, त्यामुळे त्यांचं स्वतःचं नाव मागं पडून त्या सगळ्यांच्या मोडीबाई झाल्या. गावानं त्यांचंही नाव परस्पर बदललं होतं, पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. वह्या परंड्याकडच्या एका जोशीबुवांच्या घरातल्या होत्या. त्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या जी लग्नं लावली त्यांची सगळी नोंद त्यांत होती. एका कुळाच्या मंडळाला कुळवृत्तांत काढायचा होता आणि त्यासाठी या नोंदी उतरवून त्यांची यादी लावायचं काम बाईंनी विनामोबदला अंगावर घेतलं होतं.

त्या भिंग धरून वाचायच्या, मी टाइप करायचो. गाव, तिथी, वराचं नाव त्या खणखणीत वाचत. नवरीचं नाव आलं की आवाज उतरायचा आणि नाव सांगून झाल्यावर त्या हळूच म्हणायच्या, "ये गं, बस." भागीरथी, ये गं, बस. सोनाबाई, ये गं, बस. सुरुवातीला मला वाटलं, वयाचा परिणाम असेल. पुढं पुढं कुणी बसायची राहिली तर मीच आठवण करून द्यायला लागलो.

काही नोंदींत मात्र नुसतं 'अमक्याची कन्या' एवढंच असायचं. बाईंचं डोकं तिथं फिरायचं. "पंगतीला बुंदी होती हे लिहून ठेवलंय बुवांनी, अन् नवरीपाशी येऊन शाई संपली," त्या म्हणायच्या. अशा ठिकाणी नवरीचा रकाना कोरा ठेवायचा, अंदाजानं काही भरायचं नाही, ही त्यांची सक्त ताकीद होती.

मंडळाचे अध्यक्ष पुण्याहून मोठ्या गाडीतून येत. यादी नवरीच्या नावानं लावलेली बघून ते हबकले, कारण त्यांच्या वंशवृक्षावर सगळी पुरुषांचीच नावं लागलेली होती. पण खरं दुखणं वेगळं होतं. त्यांचे पणजोबा सरदार असल्याची घरात बोलवा होती, आणि वहीत ते सासुरवाडीला घरजावई राहिलेले निघाले. तेवढा एक शब्द गाळता येईल का, असं त्यांनी चहाच्या दुसऱ्या कपावर विचारलं. बाई म्हणाल्या, "वहीत हाय ते यादीत हाय. वहीत न्हाय ते यादीत न्हाय. मी माझ्यासाठीसुद्धा बदलणार न्हाय."

त्यांच्यासाठी म्हणजे काय, ते त्यांनी अध्यक्ष गेल्यावर मला सांगितलं. बाई चार वर्षांच्या असताना आई वारली होती. सासरचं नाव लक्ष्मी. वडिलांनी दुसरं लग्न केलं, आजोळ देशोधडीला लागलं आणि आईचं माहेरचं नाव सांगणारं कुणी उरलं नाही. आई सोनारीची, आजोबांचं नाव रामजी, एवढंच त्यांना ठाऊक होतं. या वह्या त्यांनी हाती घेतल्या त्या त्यासाठी.

ती नोंद शेवटून दुसऱ्या वहीत निघाली. मौजे सोनारी. वराचं नाव बाईंच्या वडिलांचं. पुढं, 'रामजीची कन्या'. बास. बाईंनी डोळ्यापुढचं भिंग काढलं आणि त्या ते पदरानं पुसत बसल्या. मला मनापासून वाईट वाटलं.

चार दिवस बाई आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या त्या सोनारीला जाऊन. तिथं नव्वदीला टेकलेल्या एका मालनबाईंनी त्यांच्या तोंडाकडं बघून सांगितलं होतं, "तू चांगुनाची लेक व्हय? तिच्या हळदीला आमी पोरी लई नाचलो."

मी उत्साहानं ती नोंद उघडली आणि चांगुणा असं टाइपही करून टाकलं. कुणाला कळणार होतं? बाई म्हणाल्या, "पुसा ते." मी समजावून पाहिलं. "अध्यक्षांना काय तोंड दाखवू?" त्या म्हणाल्या. मी पुसलं. मग बाई म्हणाल्या, शेवटी 'टीप' म्हणून एक नवा रकाना करा. त्यात त्यांनी सांगितलं तसं लिहिलं: 'नवरीचे नाव चांगुणा. वहीत नाही. सांगणार मालनबाई, सोनारी.' माझ्याकडून ते दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा पडद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ये गं आई, बस."

टिपेची बातमी अध्यक्षांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्यांनीही आपली टीप पाठवली. बाईंनी ती अक्षर न बदलता घेतली: 'पणजोबा प्रकृतीच्या कारणाने काही काळ सासुरवाडीस होते. सांगणार स्वतः अध्यक्ष.'

बाई गेल्या थंडीत गेल्या. भिंग त्यांच्या भाच्यानं मला आणून दिलं. अजून माणसं येतात, कोऱ्या रकान्यातल्या कुणा आजीचं नाव सांगतात. मी ते टिपेत घालतो आणि दुकानात कुणी नसलं तर बस म्हणतो.

बाईंचा दहावा करून आलो त्या दुपारी मी घरात शिरताच हाक मारली, "शेवंता." आतून ओ आली नाही. पुन्हा मारली. बायको पिठाचे हात तसेच घेऊन धावत बाहेर आली, माझ्या मागं दाराकडं बघितलं आणि म्हणाली, "माझ्या माहेरचं कोण आलंय?"